परकोटाची वर्गणी

वर्गणी म्हटली की पावतीपुस्तक डोळ्यांपुढे येते. भाद्रपद जवळ आला, की चार-सहा मुले दारोदार हिंडू लागतात. कोणी हसतमुखाने देतो, कोणी कपाळाला आठ्या घालून देतो, तर कोणी 'उद्या या' म्हणून बोळवण करतो. जमलेल्या पैशांतून मांडव उभा राहतो, दिवे लागतात आणि दहा दिवसांनी सारे आवरले जाते. परंतु चंद्रपूर नगरात २०१७ साली एक निराळीच वर्गणी गोळा होऊ लागली. तिला पावतीपुस्तक नव्हते आणि तिजोरीही नव्हती. ती सकाळच्या प्रहरी द्यावयाची होती आणि स्वतःच्या हातांनी द्यावयाची होती. ज्याच्यासाठी ती गोळा होत होती, तो मागावयास कोणाच्याही दारी जाऊ शकत नव्हता. कारण तो शेकडो वर्षे एकाच जागी उभा होता. तो म्हणजे नगराचा परकोट.

महाराष्ट्राच्या पूर्वेकडे साग, मोह आणि बांबू यांच्या अरण्यांचा जो प्रदेश आहे, त्यातील चंद्रपूर हे मोठे नगर. पूर्वी त्याला चांदा म्हणत. शेजारचा गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. तोवर तो याच जिल्ह्यात मोडत असे. नगराच्या पश्चिमेने इरई वाहते, पूर्वेने झरपट वाहते आणि दक्षिणेस दोघींचा संगम होतो. या दोन नद्यांच्या कुशीत गोंड राजांची जुनी राजधानी वसलेली आहे आणि तिच्याभोवती घडीव दगडांचा परकोट आहे. त्याचा घेर सुमारे अकरा किलोमीटर. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा असे त्याला चार दरवाजे आहेत. त्यांखेरीज बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण अशा पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे येथे घराची खिडकी नव्हे. माणसांनी जावे-यावे एवढे लहान द्वार. मसाण खिडकीचे काम तर तिच्या नावातच सांगितलेले आहे. ठिकठिकाणी मिळून एकोणचाळीस बुरुज आहेत. दरवाजांवर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला दिसतो. ते गोंड राजांचे चिन्ह होय.

या परकोटाच्या उभारणीची एक कथा चंद्रपुरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. खांडक्या बल्लाळशाह हा गोंड राजा त्या वेळी बल्लारपुरास राहत असे. त्याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या आणि कोणत्याही औषधाने गुण येत नव्हता. एकदा शिकारीच्या नादात झरपटेच्या कोरड्या पात्रातून जाताना तो तहानेने व्याकूळ झाला. एका खळग्यात त्याला थोडे पाणी दिसले. ते तो प्याला आणि त्याने हातपाय धुतले. त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी पाहतो, तो पाणी लागलेली जागा नितळ झालेली! पुढे त्या स्थळी अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले. मंदिराकडे राजा जात-येत असता एके दिवशी त्याने एक नवल पाहिले. झुडपातून एक ससा उसळून बाहेर आला आणि चक्क राजाच्या कुत्र्याच्याच पाठीस लागला! कुत्रा पुढे आणि ससा मागे, अशी ती जोडी मोठमोठी वळणे घेत धावली. शेवटी कुत्र्याने उलटून सशाला मारले. राजाने ही हकीकत राणीस सांगितली. राणी मोठी शहाणी होती. हे शुभचिन्ह आहे, येथेच नगर वसवावे आणि सशाच्या मागावरूनच कोट बांधावा, असा सल्ला तिने दिला.

कथा ती कथा. परंतु ज्या गोष्टीत नवल नाही, ती याहूनही मोठी आहे. हा परकोट कोण्या एका राजाच्या हयातीत पुरा झाला नाही. परंपरा सांगते की, खांडक्याने पाया घातला, पुढे हीरशाहाने दरवाजे उभारले आणि त्यानंतरच्या राजांच्या काळी तट पुरा झाला. म्हणजे ज्या पाथरवटाने पहिला दगड बसविला, त्याने शेवटचा दगड पाहिला नाही; आणि ज्याने शेवटचा दगड बसविला, त्याला पहिल्याचे नावही ठाऊक नसेल. तरीही दोघांची रेघ एकमेकींना बरोबर मिळाली.

तट म्हणजे नुसती जाड भिंत नव्हे. त्यात पुष्कळ विचार असतो. सरळ भिंतीच्या पायथ्याशी शत्रू येऊन चिकटला, तर वरच्या पहारेकऱ्याला तो दिसत नाही. म्हणून बुरूज तटाच्या रेषेच्या पुढे गोलाकार डोकावतो आणि तेथून दोहों बाजूंचा पायथा नजरेत राहतो. दरवाजाची कमान पाचरीसारख्या दगडांची असते. वरचा भार जितका वाढतो, तितके ते दगड एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. दगडांच्या सांध्यांतला चुना ही तर एक शाळाच आहे. चुनखडीचा दगड भट्टीत भाजतात, पाण्यात विरवितात आणि वाळूबरोबर घोटून सांध्यांत भरतात. पुढे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो. सिमेंटाची घाई त्याच्या अंगी नाही. पण त्याचे एक मोठे वैशिष्ट्य आहे: भिंतीत मुरलेले पाणी तो बाहेर जाऊ देतो. म्हणूनच जुन्या बांधकामावर सिमेंट थापले, तर ओल आत कोंडते आणि भिंत सुधारण्याऐवजी पोखरली जाते.

जुन्या कारागिरीच्या वस्तू जपून ठेवण्यासाठी संग्रहालये असतात. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडहून नागपूरकडे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक छोटी आगगाडी २०१९ सालापर्यंत धावत असे. अशा छोट्या गाड्यांची इंजिने आणि डबे नागपूरच्या मोतीबागेतील संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. इंजिन असे उचलून नेता येते. त्याला रंग देता येतो, छपराखाली ठेवता येते. अकरा किलोमीटरचा परकोट कोणत्या दालनात मांडावा? तो जेथे उभा आहे, तेथेच त्याचे संग्रहालय. त्याला छप्पर आकाशाचे. त्याला तिकीट नाही आणि कुलूपही नाही. आणि ज्या वस्तूला कुलूप नसते, तिची राखण सर्वांनी केली तरच होते.

ती राखण फार दिवस झाली नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यास चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ सालच्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून तटाला खिंडार पाडले आणि नगर घेतले. त्यानंतर परकोटाला राखण्यासारखे काही उरले नाही. शत्रू येईनासा झाला, पहारे उठले आणि नगर दरवाजांबाहेर पसरले. स्वातंत्र्यानंतर कायद्याने तो राष्ट्राचा ठेवा ठरला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे त्याचा सांभाळ आला. परंतु कायदा दगडाला हात लावणाऱ्याला अडवू शकतो. पाखराला कसा अडविणार? पाखरे पिंपळाची आणि वडाची फळे खात आणि तटावर येऊन बसत. त्यांच्या विष्ठेतले बी सांध्यात पडे, पावसाळ्यात रुजे आणि केसासारखे मूळ चुन्यात शिरे. दहा-वीस वर्षांत तेच मूळ मनगटाएवढे होऊन दगडाला बाहेर ढकलू लागे. वर झुडपे माजली, पायथ्याशी कचरा साठला. ज्या परकोटाने नगराला वेढले होते, तोच आता झाडोऱ्याने वेढला गेला. लोक त्याच्या शेजारून रोज जात. पण तो कोणाला दिसत नसे.

१ मार्च २०१७ रोजी चंद्रपुरातील 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी परकोट साफ करण्यास आरंभ केला. मार्चचा आरंभ म्हणजे चंद्रपुरात उन्हाळ्याचा आरंभ. येथील ऊन देशात प्रसिद्ध आहे. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर जातो. म्हणून काम सकाळीच उरकावे लागे. हातांत विळे, कुऱ्हाडी, फावडी आणि घमेली घेऊन ते तटावर चढत. आज चार हात, उद्या चार हात, अशी जागा मोकळी होई. अकरा किलोमीटरांच्या मानाने ती एवढीशी दिसे, की पाहणाऱ्याला हसू यावे.

परकोटाला लागून राहणाऱ्या एका वृद्ध सुताराला मात्र हसू आले नाही. त्याला राग आला. त्यांचे घर तटाच्या सावलीत होते. पहाटे फावड्यांचा आवाज ऐकून त्यांनी खिडकी उघडली आणि पाहिले, तो तरुण मुले तटाच्या पायथ्याचा कचरा उपसून घमेल्यांत भरीत होती. फुटकी मडकी, चिंध्या, काचा, राख यांचा तो ढीग होता. आजोबांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी त्यांची नात त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. ती सातवीत शिकत होती.

"आजोबा, तुम्ही खिडकी का लावून घेता? आवाजाचा त्रास होतो का?" तिने विचारले.

आजोबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, त्या घमेल्यांत आपल्याच घरची राख आहे. मी लहान होतो, तेव्हा चुलीतली राख तटाखाली टाकून येण्याचे काम माझ्याकडे होते. सारी आळीच टाकीत असे. 'परकोटावर टाकून ये' असेच आम्ही म्हणत असू. ती पोरे माझा कचरा उचलीत आहेत, आणि ते मला पाहवत नाही."

नातीने क्षणभर विचार केला. "मग तुम्ही खाली जाऊन त्यांना तसे सांगा ना," ती म्हणाली.

ज्या गोष्टी मोठ्यांना डोंगराएवढ्या वाटतात, त्या मुलांना कधी कधी पायरीएवढ्या दिसतात. आजोबांचे वय ओझे उचलण्याचे राहिले नव्हते. परंतु त्या दिवशी ते आपली कानस आणि धारेचा दगड घेऊन खाली उतरले, तटाच्या कडेला बसले आणि बोथट झालेले विळे मागून घेऊ लागले. कोणी त्यांना कारण विचारले नाही आणि त्यांनीही ते लगेच सांगितले नाही. एकेक विळा ते हाती घेत, अंगठ्याने धार पाहत, दोन्ही बाजू घासून परत देत. धारदार विळ्याने काम दुप्पट होऊ लागले. ही त्यांची वर्गणी.

एके दिवशी एक मुलगा पिंपळाचे रोप दोन्ही हातांनी ओढू लागला. रोप हलले आणि त्याबरोबर सांध्यातला दगडही हलला. आजोबा ताडकन उठले.

"ओढू नकोस, बाळ! मूळ येईल, पण दगडही येईल. फांद्या छाट, खोड कापून टाक आणि मूळ तेथेच राहू दे. ज्याने भिंत फोडली, त्यानेच आता ती धरूनही ठेवली आहे. ते मूळ कसे मारावे आणि सांधा कसा भरावा, हे त्यातल्या जाणत्यांना विचारून करावयाचे."

मुलाने हात मागे घेतला. आजोबा थोडे थांबले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आणि आणखी एक सांगतो. येथला कचरा टाकणाऱ्यांत मीही होतो."

कोणी हसले नाही. एका तरुणाने घमेले खाली ठेवले, आजोबांच्या पुढ्यात आणखी दोन विळे ठेवले आणि तो पुन्हा कामास लागला.

असे दिवसामागून दिवस गेले. उन्हाळा सरला, पावसाळा आला. पावसाने गवत पुन्हा वाढविले आणि विळ्यांनी ते पुन्हा कापले. सलग दोनशे दिवस हे काम चालले. ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आकाशवाणीवरील 'मन की बात' या कार्यक्रमात त्याचा गौरवाने उल्लेख केला. तरुणांनी पाठविलेली आधीची आणि नंतरची छायाचित्रे पाहून आपण प्रभावित झालो, असे त्यांनी सांगितले. साऱ्या देशाने चंद्रपूरच्या परकोटाचे नाव ऐकले. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी, की कौतुकाचे शब्द विरल्यावरही काम थांबले नाही. दोनशेपुढेही दिवस मोजले गेले.

या वर्गणीचा हिशेब कसा मांडावा? समजा, वीस जणांनी रोज दोन तास दिले. एका दिवसाचे चाळीस तास झाले आणि दोनशे दिवसांचे आठ हजार. एकट्या मजुराने रोज आठ तास राबावयाचे ठरविले, तर एवढे काम करण्यास त्याला एक हजार दिवस, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे लागतील. दोन तास ही लहान गोष्ट आहे. ती रोज, आणि पुष्कळांनी मिळून दिली, की तिचा निधी होतो.

तथापि श्रमाने सारेच होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ढासळलेला तट पुन्हा बांधणे हे हौशी हातांचे काम नव्हे. त्यासाठी पुरातत्त्व खात्याचे जाणते लोक हवेत, मुरलेला चुना हवा, तसेच दगड घडविणारे पाथरवट हवेत. आणि या सर्वांसाठी पैसा हवा. मग सफाईचा उपयोग काय? उपयोग असा, की जी वस्तू दिसत नाही, तिच्यासाठी कोणी पैसा देत नाही. झुडपांखाली दडलेला बुरूज कोणाच्या अंदाजपत्रकात येणार? तो उजेडात आला, लोक त्यावर चालू लागले, त्याची भेग त्यांना दिसली, म्हणजे 'ही बुजवा' असे म्हणणारी हजार तोंडे तयार होतात. श्रमाची वर्गणी आधी येते, पैशाची वर्गणी तिच्या मागून चालत येते.

दूरदेशीही असाच अनुभव आलेला आहे. वेल्स देशात टॅलिलिन नावाची एक अरुंद रुळांची जुनी रेल्वे आहे. डोंगरातील पाटीचा दगड वाहून आणण्यासाठी ती एकोणिसाव्या शतकात बांधली गेली. १९५० साली तिचा मालक वारला आणि ती बंद पडणार, असे दिसू लागले. तेव्हा रेल्वेची आवड असणाऱ्या लोकांनी मंडळ स्थापन केले, वर्गणी जमविली आणि १९५१ साली ती गाडी स्वतःच चालविण्यास घेतली. कोणी गवत काढले, कोणी रूळ बसविले, कोणी तिकिटे फाडली. जुनी रेल्वे अशा रीतीने स्वयंसेवकांनी वाचविण्याचा तो जगातील पहिला प्रयत्न होय. ती गाडी अजूनही धावते. त्या लोकांना कोणी बोलाविले नव्हते. चंद्रपूरच्या तरुणांनाही कोणी बोलाविले नव्हते.

पुढे चंद्रपुरात मोकळ्या झालेल्या तटावरून वारसा-फेरी निघू लागली. अशाच एका रविवारी ती नात आजोबांचा हात धरून बगड खिडकीजवळ तटावर चढली. आजोबा सावकाश चालत होते. एका बाजूस जुन्या नगराची कौले, दुसऱ्या बाजूस झाडी आणि मोकळे आकाश. जेथे पूर्वी घाणेरीच्या झुडपांत पाऊल टाकवत नव्हते, तेथे आता दोन माणसे शेजारी शेजारी चालत होती.

"आजोबा, आता हा परकोट कशासाठी? शत्रू तर येत नाही," नातीने विचारले.

आजोबांनी तटाच्या एका दगडावर हात ठेवला. "हा दगड बघ. चारही कडा कशा सरळ आहेत! हा ज्याने घडविला, तोही माझ्यासारखा कारागीरच होता. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याने काम चोख केले, एवढीच त्याची खूण उरली आहे. ही खूण आपल्या हातून नाहीशी होऊ नये, यासाठी परकोट."

"आणि तुमची खूण?"

आजोबा हसले. "विळ्याची धार का कुठे उरते, बेटा? आज लावली, उद्या बोथट झाली. म्हणून तर ती पुन्हा लावावी लागते."

ते खरेच होते. दरवर्षी मृग नक्षत्र लागते, पाऊस पडतो आणि तटाच्या सांध्यांतून पिंपळाची कोवळी तांबूस पाने पुन्हा डोके वर काढतात. गणपतीची वर्गणी वर्षातून एकदा दिली, की भागते. परकोटाची वर्गणी तशी नाही. ती ज्या वर्षी चुकते, त्या वर्षी दगड हलतो.

खाली उतरताना नातीला एका सांध्यात बोटभर उंचीचे पिंपळाचे रोप दिसले. त्याला दोनच पाने होती. तिने खाली वाकून पाहिले. मूळ अजून दगडापर्यंत पोहोचले नव्हते. तिने आजोबांकडे पाहिले; आजोबांनी मान हलविली. मग तिने दोन बोटांनी ते अलगद उपटले आणि सांध्यातला चुना जागच्या जागी आहे ना, हे पाहून ती पुढे चालू लागली.